हा लेख मूळचा कोणत्या भाषेतला?

१८६७च्या मुद्रणालये आणि पुस्तक नोंदणी कायद्याचे अठरावे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. प्रांतात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारने ठेवावी आणि त्या नोंदीत काय काय असावे, हे ते रकान्यांसह सांगते. पुस्तकाचे नाव आणि ते इंग्रजीत नसेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर, पुस्तकाची भाषा, लेखक, भाषांतरकार किंवा संपादक यांचे नाव, विषय, छपाईचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशनाची तारीख, पाने, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, छपाई खिळ्यांची की शिळाप्रेसची, आणि किंमत. भाषा आणि भाषांतरकार हे दोन्ही रकाने त्यात आहेत. वर्तमानपत्रे आणि मासिके यांच्याबाबत मात्र हाच कायदा फार थोडे मागत होता. मुद्रक आणि प्रकाशक यांनी दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करायचे आणि अंकावर आपली नावे छापायची, एवढेच. संपादकाचे नाव छापण्याची सक्तीसुद्धा १९२२च्या दुरुस्तीने आली. आतल्या लेखांविषयी, ते कोणी लिहिले, मूळचे कुठले, कोणत्या भाषेतून आले, याविषयी कायद्याला काही विचारायचे नव्हते. पुस्तकाला अशा रीतीने जन्मदाखला मिळाला आणि लेख त्यावाचून राहिला. आपल्या भाषांनी मात्र या काळात एकमेकींकडून जे घेतले, त्यातले फार मोठे घेणे लेखांच्या वाटेनेच झाले. भाषांतरित लेखाची भाषा, त्याचे मूळ आणि भाषांतरकार यांची नोंद आपल्याकडे राहिली नाही ती साधने नव्हती म्हणून नव्हे. नोंद ठेवण्याची रीत ठाऊक होती आणि ती नेमाने वापरलीही जात होती, पण वाचकासाठी नव्हे. रायपूरच्या इतिहासात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल, म्हणून हा विचार रायपूरवरून करायचा.

रायपूर मराठी वाचकाला दूरचे वाटते, पण त्याचा आपल्याशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १७५८पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. १८१८नंतर इंग्रज अधीक्षकाने कारभाराचे ठाणे रायपूरला आणले, १८५४मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला. या सगळ्या उलथापालथीत कारकून, वकील, शिक्षक आणि पुजारी अशी मराठी घरे रायपुरात रुजली. तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतून ती आजही आहेत. मध्य प्रांताच्या नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागात कचेरीची भाषा मराठी होती, तर रायपूर आणि बिलासपूरकडे हिंदी. बाजारात आणि शेतात छत्तीसगढी बोलली जाई आणि वरच्या दरबारात इंग्रजी चाले. अशा गावात शिकलेल्या माणसाच्या हातून रोजच भाषांतर होत असते. ते इतके अंगवळणी पडते की त्याची नोंद करावी, हे सहसा कोणाला सुचत नाही.

जानेवारी १९००मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याच महिन्यात अलाहाबादच्या इंडियन प्रेसमधून ‘सरस्वती’ सुरू झाले, हे लक्षात घेतले म्हणजे या मासिकाचे धाडस कळते. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले. सप्र्यांचा जन्म १८७१चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. मासिक काढले तेव्हा ते पेंड्रा जमीनदारीच्या राजकुमारांना शिकवीत होते. संपादन पेंड्र्याला आणि छपाई पहिल्या वर्षी रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात, पुढे नागपूरच्या देशसेवक छापखान्यात, अशी मासिकाची धावपळ होती. तोटा सोसत तीन वर्षे चालून डिसेंबर १९०२मध्ये ते बंद पडले. लाखे रायपूरचे पुढारी झाले आणि शहरातले लाखेनगर त्यांच्याच नावाचे. सप्रेही शेवटी रायपूरचेच झाले. १९२६मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

सप्र्यांच्या कामाची यादी समोर ठेवली की पुस्तक आणि लेख यांच्यातला फरक लगेच दिसतो. समर्थांच्या ‘दासबोधा’चे हिंदी रूपांतर त्यांनी केले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५मध्ये मराठीत आले आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याचा सप्र्यांनी केलेला हिंदी अनुवाद वाचकांच्या हाती पडला. चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाची ‘महाभारत मीमांसा’ त्यांनी केली. या तिन्ही पुस्तकांबाबत कोणालाही शंका नाही. मूळ लेखक कोण, मूळ भाषा कोणती, अनुवादक कोण, हे मुखपृष्ठ सांगते. आता याच माणसाने नियतकालिकांत जे केले ते पाहा. १९०६मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. तिच्यात ‘स्वदेशी आंदोलन और बायकाट’ हा दीर्घ निबंध आला. तो ‘केसरी’तल्या लिखाणाच्या आधाराने लिहिलेला होता आणि पुढे सरकारने तो जप्त केला. या निबंधातले नेमके कोणते परिच्छेद ‘केसरी’च्या कोणत्या अंकातले, सप्र्यांनी मध्य प्रांताच्या वाचकासाठी काय वाढवले आणि काय गाळले, हे ठरवायचे तर दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहावी लागते. सप्र्यांनी काही लपवले, असे यातून कोणी समजू नये. त्या काळच्या हिंदी आणि मराठी मासिकांत लेखाखाली कधी ‘अमक्यावरून’ असे असे, कधी ‘एका लेखाच्या आधारे’ एवढेच, कधी नुसते ‘अनुवादित’, आणि पुष्कळदा काहीच नसे. मूळ अंकाची तारीख देण्याची तर पद्धतच नव्हती.

याची किंमत काय पडली, हे हिंदी कथेच्या इतिहासात पाहावे. ‘छत्तीसगढ मित्रा’च्या एप्रिल १९०१च्या अंकात सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा आली. १९६८मध्ये ‘सारिका’ मासिकातून ती हिंदीतली पहिली कथा असल्याचा दावा पुढे आला आणि वाद रंगला. त्याआधी हा मान बहुतेकजण ‘सरस्वती’त १९००मध्ये आलेल्या किशोरीलाल गोस्वामींच्या ‘इंदुमती’ला देत. पण तिच्याविषयी रामचंद्र शुक्लांनी आपल्या १९२९च्या हिंदी साहित्याच्या इतिहासात काय म्हटले आहे? ती एखाद्या बंगाली कथेची छाया नसेल, तरच ती हिंदीतली पहिली मौलिक कथा ठरेल, अशा अटीवर त्यांनी निवाडा केला. पुढच्या टीकाकारांना तिच्यात शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ची सावली दिसली. सप्र्यांच्या कथेचा साचाही जुन्या लोककथांशी जुळतो, असे म्हणणारे आहेत. एवढ्या मोठ्या भाषेच्या कथेचा आरंभबिंदू एका ‘जर’वर टांगलेला राहतो आणि शुक्लांसारखा साक्षेपी इतिहासकार, प्रकाशनानंतर तीसच वर्षांनी, त्याचा उलगडा करू शकत नाही. ‘इंदुमती’च्या खाली ‘मूळ’, ‘अनुवाद’ किंवा ‘आधारित’ यांपैकी एक शब्द छापण्याचा रिवाज त्या मासिकांत असता, तर हा वाद निराळ्या पायरीवरून सुरू झाला असता.

आता ‘हिंदी केसरी’कडे वळू, कारण सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. एप्रिल १९०७मध्ये सप्र्यांनी हे साप्ताहिक नागपुरातून काढले. पुण्याच्या ‘केसरी’तले विचार हिंदी वाचकापर्यंत न्यायचे, हा हेतू नावातच होता, त्यामुळे वाचकाला मूळ कुठले हे ढोबळपणे ठाऊक होते. पण ढोबळपणेच. अमुक मजकूर पुण्याच्या अग्रलेखाचे सरळ भाषांतर आहे, तमुक सप्र्यांनी स्वतः लिहिला आहे, आणि तिसरा दोन्हींची मिसळ आहे, हे पत्राच्या नावावरून कळत नाही. १९०८च्या उन्हाळ्यात या फरकाला एकाएकी तुरुंगाची किंमत आली. १२ मेच्या ‘केसरी’तला ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि २२ जुलैला त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. ऑगस्टमध्ये नागपुरात सप्र्यांनाही राजद्रोहाच्या त्याच १२४ अ कलमाखाली अटक झाली. ते काही महिने तुरुंगात राहिले आणि माफीपत्र दिल्यावर सुटले. ‘हिंदी केसरी’ पुढे टिकले नाही.

टिळकांच्या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्यूरींनी मराठी लेखांवर निकाल दिला तो इंग्रजी भाषांतरावरून. ते भाषांतर सरकारी होते. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मराठी लेखावर निकाल देणाऱ्यांना मराठी येत नाही, ही तक्रार टिळकांनी स्वतः मांडली. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणातला मोठा भाग त्यांनी भाषांतराच्या चुका दाखवण्यात घालवला आणि भाषांतर खात्याच्या अधिकाऱ्याची उलटतपासणीही केली. हे त्यांना शक्य झाले, कारण कागदपत्रांत मूळ आणि भाषांतर यांची जोडणी पक्की होती. अंक कोणता, तारीख कोणती, भाषा कोणती, भाषांतर कोणत्या खात्याचे, हे सगळे नोंदलेले होते. भाषांतर चुकीचे असेल, अन्यायाचे असेल, पण ते चुकीचे आहे हे सिद्ध करण्याची वाट उघडी होती. निकाल सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांच्या विरोधात गेला, तरी तो वाद आज शंभर वर्षांनंतरही आपण तपासू शकतो.

सरकारची ही नोंद केवळ खटल्यापुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रांतोप्रांती देशी वृत्तपत्रांचे गोपनीय साप्ताहिक अहवाल तयार होत. मुंबई इलाख्याच्या अहवालाच्या आरंभी पत्रांची यादी असे आणि ती भाषेप्रमाणे लावलेली असे. इंग्रजी, इंग्रजी-मराठी, इंग्रजी-गुजराती, मराठी, गुजराती, हिंदी, अशी एकेक भाषा मथळ्यावर घेऊन तिच्याखाली पत्राचे नाव, गाव, दैनिक की साप्ताहिक, संपादकाचे नाव, जात आणि वय, आणि खप. मग क्रमांक घातलेले परिच्छेद, त्यांत लेखाचा इंग्रजी गोषवारा आणि शेवटी पत्राचे नाव व अंकाची तारीख. मध्य प्रांतातली पत्रे बराच काळ पंजाब, वायव्य प्रांत आणि अवध यांच्याबरोबर एकाच संकलनात येत. म्हणजे ‘या लेखाची भाषा ही, मूळ इथे, हे त्याचे भाषांतर’ असे लेखागणिक सांगणारी यंत्रणा आपल्याकडे शतकापूर्वी उत्तम चालत होती. तिचा वाचक मात्र गृहखात्याचा सचिव होता. ज्या लेखकांनी आणि वाचकांनी ही भाषांतरे जगवली, त्यांच्यासाठी तशी एक ओळ कुठे छापली गेली नाही. मला या इतिहासातली सगळ्यात खिन्न करणारी गोष्ट वाटते ती हीच.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. नोंद नव्हती म्हणूनच ही माणसे वाचली, असे कोणी म्हणेल. ज्या राज्यात लेखाच्या उगमाची माहिती पोलिसांच्या कामाची असते, तिथे उगम मोघम ठेवणे शहाणपणाचे, आणि सप्र्यांनी प्रत्येक लेखावर ‘अमक्या तारखेच्या केसरीतून’ असे छापले असते तर फिर्यादी पक्षाचे काम सोपेच झाले असते. पुढे असेही म्हणता येईल की हिंदी गद्य त्या काळात घडत होते, त्याला मराठी आणि बंगालीतून मोकळ्या हाताने घ्यावे लागले, आणि प्रत्येक पानावर उसनवारीची पाटी लावली असती तर नवी भाषा स्वतःच्या पायावर उभी राहायला संकोचली असती. पहिल्या मुद्द्याला १९०८चा अनुभवच उत्तर देतो. मोघमपणाने सप्र्यांची अटक टळली नाही. सरकारजवळ स्वतःची भाषांतरे आणि स्वतःच्या याद्या होत्या. अंधारात राहिला तो वाचक. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. गंगाप्रसाद अग्निहोत्रींनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधांचे हिंदी रूपांतर ‘निबंधमालादर्श’ या नावाने उघडपणे पुस्तकरूपात दिले. त्याने हिंदी निबंधाचे काही बिघडले नाही. शुक्लांच्या इतिहासात त्याला मानाची जागा मिळाली. उगम सांगितल्याने अनुवाद हलका होतो, ही भीती त्या काळच्या पुस्तकांनीच खोटी ठरवली होती. मासिकांनी तो धडा घेतला नाही, कारण मासिकाचा लेख महिन्याभराने विसरला जाईल, अशी समजूत होती.

रायपूरच्याच परिसरात याच्या उलट घडलेले एक उदाहरण आहे आणि ते या सगळ्याच्या दहा वर्षे आधीचे आहे. धमतरी तेव्हा रायपूर जिल्ह्यात होती. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण लिहिले. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८९०मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शीर्षकातच मूळ लेखक म्हणून हिरालालांचे नाव आणि भाषांतरकार म्हणून ग्रिअर्सन यांचे नाव आहे. एका विद्वत्पत्रिकेत, एका भाषांतरित लेखावर, दोन नावे आणि दोन भूमिका वेगळ्या करून छापल्या गेल्या. हिरालाल त्याच वर्षी वारले. शीर्षकातले ते अर्धे वाक्य नसते तर हे व्याकरण आज निव्वळ ग्रिअर्सन यांच्या खात्यावर जमा असते, असे मानायला पुष्कळ जागा आहे, कारण ग्रिअर्सन यांचे पुढचे काम आणि त्यांचा मान इतका मोठा होता. छत्तीसगडला आपला पहिला व्याकरणकार नावानिशी ठाऊक आहे, तो त्या ओळीमुळे.

या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. १८९०च्या शीर्षकात छत्तीसगढी ही मध्य प्रांतातल्या छत्तीसगडची बोली होती. १९२१मध्ये लोचनप्रसाद पांडेय यांनी वाढवलेली आवृत्ती कलकत्त्याला निघाली, तेव्हा शीर्षकात ती पूर्व हिंदीची छत्तीसगढी बोली झाली. मधल्या काळात, १९०४मध्ये, ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा पूर्व हिंदीवरचा सहावा खंड आला होता आणि त्यातली वर्गवारी मुखपृष्ठावर जाऊन बसली. व्याकरण तेच, पण भाषेवरची चिठ्ठी बदलली. म्हणून भाषेची नोंद ही कधीच निव्वळ तांत्रिक नसते. ती कोणीतरी, कोणत्यातरी साली केलेले विधान असते. छत्तीसगड विधानसभेने २८ नोव्हेंबर २००७ रोजी छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक मंजूर केले. तरी २०११च्या जनगणनेत छत्तीसगढी सांगणारे सुमारे १ कोटी ६२ लाख लोक हिंदीच्या एकूण आकड्यात मोजले गेले. आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत मात्र छत्तीसगढीला हिंदीहून वेगळा, ‘एचएनई’ असा तीन अक्षरांचा संकेत आहे. हिंदीला ‘एचआय’ आणि मराठीला ‘एमआर’ असे दोन अक्षरी संकेत मिळतात, छत्तीसगढीला तसा दोन अक्षरी नाही, म्हणून दोनच अक्षरांची जागा ठेवणाऱ्या जुन्या यंत्रणेत तिचा लेख आपोआप हिंदीत ढकलला जातो. ज्या भाषेला नोंदीत जागा नाही, तिच्यातून झालेले भाषांतर कधीच मोजले जात नाही.

आज विद्वत्पत्रिकांच्या जगात लेखागणिक नोंदीची रीत ठरलेली आहे. ‘जॅट्स’ नावाच्या लेख-खुणांच्या पद्धतीला २०१२मध्ये अमेरिकेतल्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. तिच्यात लेखाच्या फाइलवर भाषेची खूण असते, भाषांतरित शीर्षक आणि सारांश यांना स्वतःच्या भाषेची वेगळी खूण असते, आणि संपूर्ण भाषांतर त्याच फाइलमध्ये उपलेख म्हणून, स्वतःच्या भाषासंकेतासह, ठेवता येते. ब्राझीलमधून १९९८मध्ये सुरू झालेले ‘सायेलो’ हे नियतकालिकांचे जाळे हीच रीत वापरून पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इंग्रजी लेख एकमेकांना बांधून ठेवते. दुसरा मार्ग असा की भाषांतराला डीओआय हा स्वतंत्र ओळखक्रमांक द्यायचा आणि असे क्रमांक नोंदवणाऱ्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेच्या नोंदीत ‘हे अमक्याचे भाषांतर आहे’ आणि उलट बाजूने ‘याचे अमुक भाषांतर आहे’ असे दोन्हीकडून लिहायचे. यातली दिशा महत्त्वाची. दोन लेख एकमेकांची भाषांतरे आहेत, एवढे म्हणून भागत नाही. मूळ कोणते आणि रूपांतर कोणते, हे सांगावे लागते. आणि जोडणी दोन्ही टोकांना हवी. अनुवादाखाली मुळाचा पत्ता असला, पण मुळाजवळ अनुवादाचा नसला, तर मराठी लेख वाचणाऱ्याला त्याचे हिंदी रूप रायपुरात कोणी केले होते, हे कधी कळणारच नाही.

आता हे सगळे संगणक स्वतःच ओळखेल, मग खुणा करण्याचे कष्ट कशाला, असे विचारले जाते. मजकुराची भाषा यंत्र ओळखते, हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी तिन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, आणि शीर्षके तीन-चार शब्दांची, त्यांतले बहुतेक शब्द संस्कृतातून आलेले असतात. ‘स्वदेशी आंदोलन’ एवढ्याच शब्दांवरून भाषा कोणती, हे माणूससुद्धा सांगणार नाही. आणि यंत्राने भाषा अचूक ओळखली तरी तो लेख कुठून आला, हे त्या ओळखीत नसते. समान मजकुरावरून दोन लेखांची जुळणी सुचवता येईल, पण आधी कोणता आणि नंतर कोणता, हे तारखांवरून ठरते आणि कोणी केले, हे नावावरून. ही माहिती मजकुराच्या बाहेरची आहे. ती छापणाऱ्याने त्याच वेळी लिहिली तरच उरते. उलट, आज यंत्राने केलेली भाषांतरे मुबलक झाल्यावर ती कोणत्या मूळ लेखावरून, कोणत्या साधनाने, कोणी तपासून केली, हे सांगण्याची गरज वाढलीच आहे. टिळकांना सरकारी भाषांतराच्या चुका दाखवता आल्या, कारण ते कशाचे आणि कोणत्या खात्याचे, हे नोंदलेले होते.

पुस्तकांच्या भाषांतरांची जगभरची नोंद राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य संस्थेने १९३२पासून ‘इंडेक्स ट्रान्सलेशनम’ या सूचीत सुरू केली आणि पुढे युनेस्कोने ती चालवली. तिच्यातही नियतकालिकांतले लेख मुद्दाम वगळलेले आहेत. म्हणजे १८६७च्या आपल्या कायद्यातला भेद जागतिक सूचीतही कायम राहिला. मध्य प्रांतातल्या मराठी-हिंदी देवाणघेवाणीची मोजदाद त्या सूचीच्या धर्तीवर केली, तर सप्रे तीन-चार पुस्तकांचे अनुवादक दिसतील. ‘हिंदी केसरी’, ‘हिंदी ग्रंथमाला’ आणि ‘छत्तीसगढ मित्र’ यांतून त्यांनी जे आणले, ते शून्य दिसेल.

मागे जाऊन ही नोंद करायची, तर सामग्री आहे. ‘केसरी’चे जुने अंक पुण्यात जपलेले आहेत. भोपाळला १९८४पासून सप्र्यांच्याच नावाचे वृत्तपत्र संग्रहालय आहे. रायपुरात १९६४पासून विद्यापीठ आहे आणि पत्रकारितेचे वेगळे विद्यापीठही आहे. पण जुन्या लेखांना ‘भाषांतर’ ही एकच खूण लावणे चुकीचे ठरेल, असा आक्षेप जाणकार घेतील, आणि तो बरोबर आहे. त्या काळचे लेखन सरळ भाषांतर, छाया, सारांश आणि आधारित लेखन यांच्या दरम्यान मोकळेपणाने फिरत असे. १९१४च्या कॉपीराइट कायद्यानेही मूळ लेखकाचा भाषांतराचा हक्क प्रकाशनापासून दहा वर्षांपुरताच राखला होता, त्यामुळे या सीमा काटेकोर आखण्याचे फारसे कारणही नव्हते. सुदैवाने आजच्या नोंदपद्धतीत ‘भाषांतर’ याखेरीज ‘यावर आधारित’ आणि ‘यातून निघालेले’ अशी वेगळी नातीही आहेत. ‘स्वदेशी आंदोलन और बायकाट’ या निबंधाची नोंद करायची, तर भाषा हिंदी, लेखक माधवराव सप्रे, नाते ‘आधारित’, आणि मुळाच्या जागी ‘केसरी’चे एकेक अंक, भाषा मराठी, प्रत्येकाची तारीख लावून. जिथे ताडून पाहिल्यावर सरळ भाषांतर निघेल त्या परिच्छेदांना ‘भाषांतर’, जिथे सप्र्यांचे स्वतःचे असेल तिथे काहीही नाही. आणि नोंद करणाऱ्याचे नाव व वर्ष शेवटी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ती दुरुस्त करता येईल. हे काम एका वेळी एका अंकाचे आहे आणि दोन्ही भाषा सारख्याच सहजपणे वाचणारी माणसे त्याला लागतात. रायपूर आणि नागपूर इथे ती अजून आहेत.